गांधीविचारांची प्रश्नपत्रिका : वर्धा जिल्ह्यातील प्रवेशपूर्व तयारीची एक चिकित्सा

सारांश

सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या प्रवेशपरीक्षेत कित्येक वर्षे विज्ञान विषयांबरोबर गांधीविचारांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असे. राष्ट्रीय पातळीवरील एकच प्रवेशपरीक्षा सक्तीची झाल्यावर ती बंद पडली. त्याच परिसरात 1937 साली मांडल्या गेलेल्या वर्धा शिक्षण योजनेने परीक्षेला शिक्षणाच्या केंद्रस्थानावरून दूर करण्याचा प्रयत्न केला होता. या दोन प्रयत्नांच्या प्रकाशात उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांच्या आजच्या प्रवेशपूर्व तयारीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. प्रवेशाच्या निकषात शाळेतील कामाला आणि महाविद्यालयाच्या अपेक्षेला स्थान नसेल तर तयारी ही शिक्षणाची जागा घेते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : प्रवेशपरीक्षा, नई तालीम, सेवाग्राम, नीट, कनिष्ठ महाविद्यालय, शिकवणी वर्ग.

प्रस्तावना

वर्धा जिल्ह्याच्या शैक्षणिक इतिहासात परीक्षेविषयीच्या अविश्वासाची एक जुनी परंपरा आहे. इंटरमिजिएटच्या परीक्षेसाठी 1916 मध्ये मुंबईकडे निघालेले विनोबा वाटेत सुरतेला उतरले आणि काशीला गेले. पुढे 1921 मध्ये ते वर्ध्यास आले आणि हाच जिल्हा त्यांची कर्मभूमी ठरला. 1936 मध्ये गांधीजी शेगाव या खेड्यात राहावयास आले. त्या खेड्याचेच पुढे सेवाग्राम झाले. गुणपत्रिकेवर मनुष्याची पारख करू नये, हा विचार या भूमीत केवळ बोलला गेला नाही. त्यावर संस्था उभारल्या गेल्या.

त्याच सेवाग्रामात गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 1969 मध्ये, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जागा थोड्या आणि इच्छुक फार, अशी स्थिती असल्यामुळे निवड अपरिहार्य झाली आणि निवडीसाठी परीक्षाही आली. परीक्षेवर विश्वास नसलेली परंपरा आणि परीक्षेवाचून न चालणारी संस्था एकाच गावात शेजारी नांदू लागल्या. आज समुद्रपूर, आष्टी किंवा कारंजा तालुक्यातील एखादी विद्यार्थिनी दहावीनंतर वैद्यकीय प्रवेशाचे स्वप्न पाहते, तेव्हा तिच्यापुढील दोन वर्षांचा आराखडा या दोन्ही परंपरांपेक्षा वेगळ्याच ठिकाणी ठरतो. तो कोठे ठरतो आणि त्यात तिचे महाविद्यालय कोठे आहे, हा या विवेचनाचा मूळ प्रश्न आहे.

1. वर्धा योजना आणि विद्यापीठाचे दार

दि. 22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम, उत्पादक हस्तोद्योगाला केंद्रस्थान आणि त्या उत्पादनातून शिक्षकांच्या वेतनाचा भार क्रमाने उचलला जाण्याची अपेक्षा, ही परिषदेच्या ठरावांची चार अंगे होती. अभ्यासक्रम तयार करण्यासाठी डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. डिसेंबर 1937 मध्ये तिचा अहवाल आला आणि फेब्रुवारी 1938 मध्ये हरिपुरा काँग्रेसने योजनेला मान्यता दिली. त्यानंतर स्थापन झालेल्या हिंदुस्थानी तालीमी संघाचे काम सेवाग्राम येथून आर्यनायकम दांपत्याने दीर्घकाळ चालविले.

या योजनेची चर्चा सामान्यतः टकळी आणि स्वावलंबन या दोन मुद्द्यांभोवती फिरते. तिच्या परीक्षाविचाराकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. झाकिर हुसेन समितीने प्रचलित परीक्षापद्धतीवर कठोर टीका केली. विद्यार्थ्याला वर्षअखेरीस एकट्याने न्यायासनापुढे उभे करण्याऐवजी, निवडक विद्यार्थ्यांच्या संपादनावरून शाळेच्या कामाची पारख करावी, अशी तिची दिशा होती. म्हणजे उत्तरदायित्व विद्यार्थ्याकडून शाळेकडे सरकवले गेले होते. आजच्या मूल्यमापनाच्या परिभाषेतही हा विचार जुना वाटत नाही.

जानेवारी 1945 मधील सेवाग्राम परिषदेनंतर नई तालीमचा विस्तार पूर्वबुनियादीपासून उत्तर बुनियादी व प्रौढ शिक्षणापर्यंत झाला, आणि येथेच योजनेची खरी कोंडी झाली. सात-आठ वर्षांचे बुनियादी शिक्षण आपल्या पायावर उभे राहू शकत होते. पण उत्तर बुनियादीतून बाहेर पडणाऱ्या तरुणाला पुढे शिकावयाचे असल्यास विद्यापीठाच्या दारात जावे लागे, आणि त्या दारात ओळखले जाणारे चलन मॅट्रिकचे होते. ज्याने शेती, कताई, आरोग्य आणि गावसफाई यांतून गणित व विज्ञान आत्मसात केले, त्याच्या ज्ञानाला त्या चलनात किंमत नव्हती. पालकांनी यातून जो अर्थ काढावयाचा तो काढला. नई तालीम ही इतरांच्या मुलांसाठी चांगली आणि आपल्या मुलासाठी हायस्कूल बरे, अशी भावना रूढ झाली.

नई तालीमच्या अपयशाची कारणे अनेक आहेत. शासनाची अनास्था, शिक्षकांचे अपुरे प्रशिक्षण आणि हस्तोद्योगाचे यांत्रिक अनुकरण ही त्यांपैकी प्रमुख होत. तथापि प्रवेशाच्या दाराचे कारण या यादीत वरच्या स्थानी असावयास हवे. खालच्या शिक्षणात कितीही मूलगामी सुधारणा केली, तरी वरच्या शिक्षणाच्या प्रवेशाचा निकष न बदलल्यास ती सुधारणा पालकांच्या विवेकबुद्धीपुढेच हरते. पालकांना येथे दोष देता येत नाही. त्यांचा हिशेब त्या व्यवस्थेत बरोबरच होता.

2. सेवाग्रामची प्रश्नपत्रिका

महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने नेमकी उलटी वाट धरली. तिने दार कायम ठेवले आणि दारावर विचारावयाचा प्रश्न बदलला. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र यांबरोबर गांधीविचारांची प्रश्नपत्रिका देणे उमेदवारास आवश्यक करण्यात आले. देशातील वैद्यकीय प्रवेशाच्या इतिहासात हा प्रयोग अपवादात्मक म्हणावा लागेल. खेड्यात काम करू शकेल असा डॉक्टर घडवावयाचा असेल, तर निवडीच्या वेळीच त्या दृष्टीची काही चाचणी असावी, ही त्यामागील भूमिका होती.

या भूमिकेवरील सर्वांत स्पष्ट आक्षेप असा की, मूल्यांची परीक्षा लेखी प्रश्नपत्रिकेने होत नाही. आक्षेप बिनतोड आहे. एकादश व्रते 11 आहेत आणि रचनात्मक कार्यक्रमाच्या बाबी 18 आहेत. त्यांची नावे क्रमाने पाठ करण्यासाठी त्यांपैकी एकाचेही आचरण करावे लागत नाही. अपरिग्रहावर उत्तम निबंध लिहिणारा उमेदवार पुढे महानगरात महागडे रुग्णालय काढू शकतो, आणि त्या निबंधात कमी गुण मिळवणारा आयुष्यभर तालुक्याच्या दवाखान्यात रुग्ण तपासू शकतो. जे विचारले जाईल ते पाठ केले जाईल, हा प्रवेशपरीक्षांचा नियम गांधीविचारांनाही चुकला नाही. सत्याग्रहाचे टिपण करता येते, हीच त्या प्रश्नपत्रिकेची शोकांतिका होती.

एवढ्यावर निकाल देणे मात्र घाईचे ठरेल. प्रवेशपरीक्षेचे कार्य दुहेरी असते. ती उमेदवारांची निवड करते, आणि न निवडल्या गेलेल्यांसह सर्वांना काय वाचावयाचे ते सांगते. पहिल्या कार्यात सेवाग्रामची प्रश्नपत्रिका कमकुवत होती, यात शंका नाही. दुसऱ्या कार्यात तिचे मोल वेगळे आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या घाईत असलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला गांधीजींचे चरित्र, त्यांचा ग्रामविचार आणि आरोग्यविचार यांच्याशी काही दिवस तरी बसावे लागे. शिवाय आपण कोणत्या प्रकारच्या संस्थेचे दार ठोठावीत आहोत हे त्याला आधीच कळत असे. संस्थेने आपली अपेक्षा जाहीरपणे उच्चारणे, हाच त्या प्रश्नपत्रिकेचा मुख्य अर्थ होता.

या अपेक्षेचा खरा आधार परीक्षेच्या बाहेर होता, ही बाब अधिक महत्त्वाची आहे. प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांनी प्रारंभीचे सुमारे पंधरा दिवस सेवाग्राम आश्रमाच्या परिसरात राहून प्रार्थना, श्रमदान व सूतकताई करणे, खादी वापरणे, प्रत्येक तुकडीने एक खेडे दत्तक घेऊन तेथे शिबिरात राहणे आणि नेमून दिलेल्या कुटुंबांच्या आरोग्याचा पाठपुरावा करणे, या प्रथा संस्थेने जोपासल्या. गावातील कुटुंबाच्या अंगणात बसून कुपोषित मुलाचे वजन घेणारा विद्यार्थी जे शिकतो, ते कोणत्याही प्रश्नपत्रिकेत लिहिता येत नाही. प्रश्नपत्रिका ही या सर्व व्यवहाराची दारावरची पाटी होती. पाटीवरून घराची परीक्षा करू नये हे खरे. पण पाटी काढून टाकल्यावर घर शोधत कोण येतो, हाही प्रश्न उरतोच.

3. एकच दार

राष्ट्रीय पात्रता व प्रवेश परीक्षा, म्हणजे नीट, प्रथम 2013 मध्ये घेतली गेली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दबातल ठरविली. हा निर्णय 2016 मध्ये मागे घेण्यात आला आणि त्यानंतर देशातील वैद्यकीय पदवी प्रवेशांसाठी ही एकच परीक्षा सक्तीची झाली. सेवाग्रामची स्वतंत्र परीक्षा, आणि तिच्याबरोबर गांधीविचारांची प्रश्नपत्रिका, या ओघात संपुष्टात आली.

एकाच परीक्षेचे लाभ नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. निरनिराळ्या संस्थांचे निरनिराळे अर्ज, त्यांची शुल्के, परीक्षेसाठी दूरच्या शहरांचे प्रवास आणि मुक्काम यांचा बोजा ग्रामीण कुटुंबावर सर्वाधिक पडत होता. अनेक खाजगी महाविद्यालयांच्या प्रवेशप्रक्रियेत देणग्यांचा जो व्यवहार चाले, त्यालाही गुणानुक्रमाच्या बंधनाने काही प्रमाणात आळा बसला. 2017 पासून मराठीसह अनेक भारतीय भाषांत प्रश्नपत्रिका उपलब्ध झाली. या सुधारणा खऱ्या आहेत.

मराठी प्रश्नपत्रिकेचे उदाहरण मात्र बारकाईने पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्रात दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला विद्यार्थी अकरावी विज्ञानात गेला की पाठ्यपुस्तक, प्रयोगवही आणि अध्यापन इंग्रजीत येते. बारावीअखेर मराठीतील प्रश्नपत्रिका त्याला उपलब्ध असते. परंतु मधली दोन वर्षे त्या भाषेत घालविण्याची सोय नसते. दाराला मराठी पाटी लावली, पण दारापर्यंतची वाट इंग्रजीच राहिली, तर त्या पाटीचा उपयोग मर्यादितच राहणार. 1937 च्या ठरावातील मातृभाषेचे कलम या ठिकाणी पुन्हा आठवते.

परीक्षेच्या स्वरूपाचा परिणाम याहून दूरगामी आहे. 2025 च्या नीटमध्ये 180 मिनिटांत 180 वस्तुनिष्ठ प्रश्न सोडवावयाचे होते. एकूण गुण 720, बरोबर उत्तराला 4 गुण आणि चुकीच्या उत्तराला 1 गुण वजा. प्रश्नामागे सरासरी एक मिनिट मिळत असेल, तर विचार करून उत्तर शोधण्यापेक्षा उत्तर ओळखण्याचा सराव अधिक फलदायी ठरतो. हा सराव विकता येतो, विकत घेता येतो आणि वर्षभर अधिक घेतल्यास वाढवता येतो. म्हणूनच बारावीनंतर एक किंवा दोन वर्षे केवळ या परीक्षेसाठी देऊ शकणारे कुटुंब आणि न देऊ शकणारे कुटुंब यांच्यातील अंतर गुणांच्या रूपाने प्रकट होते. 2024 च्या परीक्षेत प्रथम जाहीर झालेल्या निकालात 67 उमेदवारांना पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. पुढे प्रश्नपत्रिका फुटीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि निकालही सुधारावा लागला. एवढ्या मोठ्या देशात एकाच दिवसाच्या एका कागदावर सर्व भार टाकण्याचा धोका त्या वर्षी सर्वांसमोर आला.

4. रिकामा वर्ग आणि भरलेले हजेरीपत्रक

या सर्व प्रक्रियेचे पडसाद जेथे प्रत्यक्ष उमटतात ते ठिकाण म्हणजे कनिष्ठ महाविद्यालय. नीटसाठी बारावीचे गुण केवळ पात्रतेपुरते लागतात. खुल्या प्रवर्गातील उमेदवारास भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र यांत मिळून 50 टक्के, तर राखीव प्रवर्गातील उमेदवारास 40 टक्के गुण पुरेसे असतात. त्यापुढील गुणांना गुणवत्ता यादीत किंमत नाही. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावी विज्ञान परीक्षेत प्रत्येक विषयाच्या 100 पैकी 30 गुण प्रात्यक्षिकांना असतात. वैद्यकीय निवडीत प्रयोगशाळेतील त्या कामाचा स्वतंत्र उपयोग शून्य. बेडकाचे चित्र न काढलेला, सूक्ष्मदर्शकाला डोळा न लावलेला विद्यार्थी उत्तम गुणांनी डॉक्टर होण्याच्या वाटेला लागू शकतो.

अशा स्थितीत विद्यार्थी वर्गात का येईल, हा प्रश्न नैतिक नसून हिशेबाचा आहे. कनिष्ठ महाविद्यालयात नाव आणि शिकवणी वर्गात उपस्थिती, अशी सोय राज्यभर रूढ झाली. लातूर पॅटर्नच्या प्रारंभीच्या काळात निदान महाविद्यालयातील प्राध्यापकच जादा तास घेऊन, सराव परीक्षा घेऊन तयारी करवीत. श्रेय आणि श्रम दोन्ही महाविद्यालयाचे असत. पुढे हे श्रम बाहेर गेले आणि महाविद्यालयाकडे हजेरीपत्रक राहिले. खाजगी वर्ग आणि कनिष्ठ महाविद्यालये यांच्यातील संगनमत मोडण्यासाठी राज्य शासनाने 2018 मध्ये विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. जानेवारी 2024 मध्ये केंद्र शासनाने 16 वर्षांखालील मुलांना शिकवणी वर्गात प्रवेश देऊ नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली. दोन्ही उपाय लक्षणांवर आहेत. अंगठ्याचा ठसा विद्यार्थ्याचे शरीर वर्गात आणू शकतो. त्याचे लक्ष जेथे गुण मिळतात तेथेच राहते.

वर्धा जिल्ह्यासारख्या ठिकाणी या स्थितीला भौगोलिक बाजूही आहे. नागपूर सुमारे 75 किलोमीटरवर आहे. वर्धा किंवा हिंगणघाट शहरातील सुस्थित पालक मुलाला तेथे ठेवू शकतात. सोयाबीन व कपाशीच्या एका हंगामावर वर्ष काढणाऱ्या शेतकऱ्याला शिकवणीचे शुल्क, खोलीचे भाडे आणि खानावळ यांची बेरीज कर्जाकडे नेते. नागपूर येथील महाज्योती संस्थेमार्फत इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना नीट व जेईईसाठी विनामूल्य ऑनलाइन प्रशिक्षण आणि टॅब देण्याची योजना राबविण्यात आली. योजना स्वागतार्ह आहे. पण तिचा आशय असा की, शासनाने स्वतःच कनिष्ठ महाविद्यालयाबाहेरील समांतर तयारीला शिक्षणाचा दर्जा दिला. ज्या शासनाने अनुदानित वर्गातील प्राध्यापकाचे वेतन दिले, त्याच शासनाने त्या वर्गाच्या अपुरेपणाचा पर्याय टॅबमध्ये शोधला.

5. पर्यायांची चिकित्सा

प्रवेशाच्या निकषात शाळेतील कामाला स्थान देण्याचे प्रयत्न झालेले नाहीत असे नाही. 2013 ते 2016 या काळात जेईई मेनच्या गुणवत्ता यादीत बारावीच्या गुणांना 40 टक्के भार होता. निरनिराळ्या मंडळांच्या गुणांची तुल्यता ठरविण्यातील गुंतागुंत आणि निकालास होणारा विलंब यांमुळे तो 2017 पासून काढून टाकण्यात आला. महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशासाठी 70 टक्के जागा त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांसाठी आणि 30 टक्के राज्यातील इतरांसाठी, असे सूत्र होते. मराठवाड्यातील विद्यार्थ्यांवर त्याने अन्याय होतो अशी तक्रार होती आणि 2020 मध्ये ते रद्द झाले. तामिळनाडूत न्या. ए. के. राजन समितीने 2021 मध्ये दिलेल्या अहवालात नीटनंतर ग्रामीण, तमिळ माध्यमातील व गरीब विद्यार्थ्यांचे प्रमाण घटल्याचे नोंदविले. तत्पूर्वी, 2020 मध्येच, त्या राज्याने शासकीय शाळांतील विद्यार्थ्यांसाठी 7.5 टक्के जागा राखून ठेवल्या. अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या 1997 च्या कायद्याने प्रत्येक हायस्कूलमधील वरच्या दहा टक्के विद्यार्थ्यांना राज्याच्या विद्यापीठांत प्रवेशाची हमी दिली, त्यामुळे दुर्बल शाळेतील हुशार मुलाची तुलना त्याच्याच वर्गमित्रांशी होऊ लागली.

या उपायांत दोष आहेत. बारावीच्या गुणांना भार दिला की प्रात्यक्षिकांत सढळ हाताने गुण देण्याचा मोह वाढतो, हा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. शाळेच्या साक्षीला किंमत द्यावयाची तर ती साक्ष विश्वसनीय असावी लागते, आणि ती तशी राहिलेली नाही याची जबाबदारी प्राध्यापकवर्गालाही टाळता येणार नाही. ज्या प्रयोगपरीक्षेत सर्वांनाच 30 पैकी 28 गुण मिळतात, ती परीक्षा स्वतःच आपली साक्ष मागे घेत असते. बाह्य परीक्षेचे साम्राज्य वाढले, त्याचे एक कारण अंतर्गत मूल्यमापनाने गमावलेली पत हे आहे.

समारोप

वर्धा जिल्ह्याने प्रवेश आणि शिक्षण यांच्या संबंधाविषयी दोन प्रयोग केले. नई तालीमने शाळा बदलली, पण दार बदलले नाही. दाराने शाळेला हरवले. सेवाग्रामच्या वैद्यकीय संस्थेने दारावरचा प्रश्न बदलला. पाठांतराने प्रश्नाला हरवले, तरी दारामागील घर टिकले, कारण तेथील शिक्षण प्रश्नपत्रिकेवर विसंबून नव्हते. 2005 मध्ये सेवाग्राम येथे आनंद निकेतनच्या रूपाने नई तालीमची शाळा पुन्हा सुरू झाली. तेथून दहावीनंतर बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यासमोर 1945 नंतरचाच प्रश्न नव्या रूपात उभा राहतो : जे शिकलो ते पुढच्या दारात ओळखले जाईल काय?

या प्रश्नाचे उत्तर एका जिल्ह्याला देता येणार नाही. राष्ट्रीय परीक्षा राहणार हे गृहीत धरूनही दोन गोष्टी महाविद्यालयांच्या आवाक्यात आहेत. पहिली, प्रात्यक्षिकांचे आणि अंतर्गत कामाचे मूल्यमापन इतके काटेकोर करणे की उद्या त्याला प्रवेशात भार देण्याची मागणी ताठ मानेने करता यावी. दुसरी, प्रवेशानंतरचे पहिले काही आठवडे अभ्यासक्रम उरकण्यास न लावता, विद्यार्थ्याला संस्थेच्या परिसराशी, भाषेशी आणि लोकांशी जोडण्यास देणे. सेवाग्रामच्या प्रारंभिक शिबिराचा धडा हाच आहे की, निवडीने जे साधत नाही ते सहवासाने काही अंशी साधते.

गांधीविचारांची प्रश्नपत्रिका परत यावी, असा या विवेचनाचा आग्रह नाही. तिच्या निमित्ताने एका महाविद्यालयाने आपल्याला कसा विद्यार्थी हवा हे जाहीरपणे सांगितले होते. आज बहुतेक महाविद्यालये ते सांगत नाहीत; कारण त्यांना कोणी विचारत नाही, आणि न विचारले जाण्याची त्यांना सवय झाली आहे. कनिष्ठ महाविद्यालयातील रिकाम्या बाकांचा विचार या मौनापासून सुरू व्हावयास हवा.